न्यूयॉर्कची १८८६ ची महापौर निवडणूक अभ्यासावी कशी

मंगळवार, २ नोव्हेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्क शहराने आपला महापौर निवडला. डेमोक्रॅट पक्षाचे अब्राम ह्यूइट यांना ९०,५५२, कामगार संघटनांनी उभ्या केलेल्या युनायटेड लेबर पार्टीचे हेन्री जॉर्ज यांना ६८,११० आणि रिपब्लिकन पक्षाचे थिओडोर रूझवेल्ट यांना ६०,४३५ मते पडली. रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे ही निवडणूक बहुधा त्यांच्या चरित्रातील एक छोटासा पराभव म्हणूनच सांगितली जाते. अभ्यासकाने पहिल्यांदा ही सवय सोडावी. त्या वर्षी शहर ढवळून निघाले ते दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारामुळे. ह्यूइट का उभे राहिले आणि रूझवेल्ट यांची मते का घटली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जॉर्ज यांच्या उमेदवारीशी येऊन मिळतात. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शहराची निवडणूक समजून घेण्यासाठी एकच उदाहरण निवडायचे असेल, तर मी हेच सुचवीन. ते कोणत्या क्रमाने वाचावे आणि कोठे सावध राहावे, हे पुढे मांडले आहे.

आधी शहराची हद्द आणि पदाचा अधिकार

आजच्या नकाशावरचे न्यूयॉर्क डोळ्यांसमोर ठेवून १८८६ चे आकडे वाचू नयेत. त्या वेळचे शहर म्हणजे मॅनहॅटन बेट आणि १८७४ मध्ये जोडलेला ब्राँक्सचा पश्चिमेकडील भाग. ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते, त्याचा महापौरही स्वतंत्र होता, आणि ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले ते १ जानेवारी १८९८ रोजी. त्यामुळे १८८६ ची मते १८९७ च्या किंवा त्यानंतरच्या मतांशेजारी ठेवून वाढ-घट काढणे चुकीचे ठरते. १८८० च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १२,०६,२९९ होती आणि तिच्यापैकी सुमारे ४० टक्के माणसे परदेशात जन्मलेली होती. त्यांत आयरिश आणि जर्मन लोक सर्वाधिक होते. मतदानाचा अधिकार एकवीस वर्षांवरील पुरुष नागरिकांना होता आणि बाहेरून आलेल्याला आधी नागरिकत्व घ्यावे लागे. न्यूयॉर्क राज्यातील स्त्रियांना मताचा अधिकार मिळण्यास १९१७ साल उजाडावे लागले. बारा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात तिन्ही प्रमुख उमेदवारांना मिळून २,१९,०९७ मते का पडली, हे यावरून कळते.

मराठी वाचकाने आणखी एक काळजी घ्यावी. आपल्याकडील महानगरपालिकेत महापौराची निवड नगरसेवक करतात आणि कारभाराची खरी सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. तीच कल्पना न्यूयॉर्कला लावली, तर या पदासाठी एवढी चुरस का झाली हे उमगणार नाही. तेथील महापौराला मतदार थेट निवडत. त्याची मुदत दोन वर्षांची होती आणि शहराच्या खात्यांवरील प्रमुख नेमण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. १८८४ पर्यंत या नेमणुकांना नगरसभेची मान्यता लागत असे. राज्य विधिमंडळाने त्या वर्षी कायदा करून ती अट काढून टाकली, आणि हा कायदा पुढे रेटणारा तरुण आमदार होता थिओडोर रूझवेल्ट. म्हणजे १८८६ मध्ये ज्या पदासाठी ते उभे होते, त्याचे बळ त्यांनीच दोन वर्षांपूर्वी वाढवले होते. नेमणुका म्हणजे नोकऱ्या आणि नोकऱ्या म्हणजे पक्षाचे कार्यकर्ते. महापौरपद हातचे जाणे राजकीय संघटनांना का परवडत नव्हते, हे या एका कायद्यावरून स्पष्ट होते.

मतदाराच्या हातातील कागद

अभ्यासाची दुसरी पायरी म्हणजे मतपत्रिका. माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा, कारण बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात.

१८८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सरकार मतपत्रिका छापत नसे. प्रत्येक पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी स्वतःच्या खर्चाने छापून घेई, पक्षाची माणसे मतदान केंद्राजवळ उभी राहून ती वाटत आणि मतदार ती घेऊन पेटीत टाकी. मतदाराने कोणाच्या हातून चिठ्ठी घेतली हे आजूबाजूच्या सर्वांना दिसत असे. ज्याची नोकरी गल्लीतल्या पुढाऱ्याच्या शब्दावर होती किंवा ज्याचा मालक निवडणुकीत रस घेत होता, त्याच्यासाठी हे उघडे मतदान होते. शिवाय नव्या पक्षाला नुसता उमेदवार असून भागत नसे. शहरभरच्या केंद्रांवर पुरेल एवढ्या चिठ्ठ्या छापून घेणे आणि त्या वाटण्यासाठी दिवसभर उभी राहणारी माणसे मिळवणे, हे दोन्ही त्याला करावे लागे. जुने पक्ष या कामासाठी माणसांना पैसे देत आणि ते पैसे उमेदवारांकडून वसूल करत. शहराचे खजिनदार राहिलेले विल्यम आयव्हिन्स यांनी १८८७ मध्येच निवडणुकीतील या पैशाचा तपशील छापून मांडला होता. युनायटेड लेबर पार्टीकडे असा पैसा नव्हता, कामगार संघटनांचे सभासद होते. म्हणून ६८,११० हा आकडा वाचताना त्यामागे चिठ्ठ्या वाटणाऱ्या हजारो हातांची जुळवाजुळव होती, हे ध्यानात ठेवावे. माझ्या दृष्टीने त्या निवडणुकीतील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

सरकारने छापलेली, सर्व उमेदवारांची नावे असलेली आणि आडोशाला भरायची मतपत्रिका ऑस्ट्रेलियातून आली. अमेरिकेत १८८८ मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराने ती स्वीकारली, त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदा केला आणि न्यूयॉर्क राज्याचा कायदा १८९० मध्ये आला. हेन्री जॉर्ज यांनी मात्र १८७१ मध्ये, कॅलिफोर्नियात पत्रकारिता करत असतानाच, या पद्धतीचा पुरस्कार केला होता. त्याच माणसाला पंधरा वर्षांनी जुन्या पद्धतीच्या चिठ्ठ्यांवरच निवडणूक लढवावी लागली.

उमेदवारी कशी ठरली ते शोधावे

उमेदवारांची नावे एकदम यादीने न लिहिता तारखांच्या ओघात लिहावीत. कोण कोणाला उत्तर म्हणून उभा राहिला, हे त्यामुळे कळते.

१८८६ चे वर्ष अमेरिकेतील कामगारांसाठी खळबळीचे होते. १ मे रोजी आठ तासांच्या कामासाठी देशभर संप झाले आणि ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब फुटला. न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी टाइस नावाच्या मद्यगृहमालकावर संगीतकारांच्या संघटनेने बहिष्कार पुकारला. तडजोडीत मालकाने १,००० डॉलर दिले, आणि मग ही खंडणी आहे असे ठरवून जुलै महिन्यात पाच कार्यकर्त्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. गव्हर्नर डेव्हिड हिल यांनी पुढे त्यांची मुक्तता केली, परंतु तोवर व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता. न्यायालय, पोलीस आणि ज्यूरी हे सगळे मालकांच्या बाजूचे आहेत, अशी कामगारांची खात्री पटली आणि सेंट्रल लेबर युनियन या शहरातील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने स्वतःचा उमेदवार उभा करायचे ठरवले.

त्यांनी हेन्री जॉर्ज यांना गळ घातली. जॉर्ज यांचा जन्म १८३९ मध्ये फिलाडेल्फियात झाला. ते सॅन फ्रान्सिस्कोत पत्रकार होते आणि १८८० मध्ये न्यूयॉर्कला राहायला आले होते. शहर वाढते तशी जमिनीची किंमत वाढते, ही वाढ मालकाच्या श्रमाने होत नाही, म्हणून कर जमिनीच्या मूल्यावर बसवावा, हे त्यांचे प्रतिपादन १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पोहोचले होते. त्यांनी एक अट घातली. किमान ३०,००० मतदारांनी आपल्याला मत देण्याचे सहीनिशी वचन द्यावे. ३४,००० हून अधिक सह्या जमल्या आणि ५ ऑक्टोबर रोजी कूपर युनियनच्या सभागृहात त्यांनी उमेदवारी स्वीकारली. अभ्यासकाने ही दोन टोके एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. सह्या ३४ हजार आणि प्रत्यक्ष मते ६८ हजार, म्हणजे महिन्याभरात पाठिंबा दुपटीवर गेला.

जॉर्ज उभे राहताच डेमोक्रॅटांना हालचाल करणे भाग पडले. टॅमनी हॉल ही त्या पक्षाची जुनी संघटना. तिचे प्रमुख जॉन केली १ जून १८८६ रोजी वारले होते आणि सूत्रे रिचर्ड क्रोकर यांच्याकडे नुकतीच आली होती. प्रतिस्पर्धी गट असलेल्या कौंटी डेमोक्रसीशी टॅमनीचे वैर होते, इतके की १८८४ च्या महापौर निवडणुकीत डेमोक्रॅट मते दोन उमेदवारांत विभागली गेली होती. आता दोघांनाही चालेल असा, टॅमनीचा शिक्का नसलेला प्रतिष्ठित माणूस हवा होता. लोखंड उद्योगातील मोठे नाव, अमेरिकेच्या संसदेचे म्हणजे काँग्रेसचे सदस्य आणि उद्योगपती पीटर कूपर यांचे जावई असलेले अब्राम ह्यूइट यांची निवड त्यातून झाली. जॉर्ज यांनी ज्या कूपर युनियनमध्ये उमेदवारी स्वीकारली, ती संस्था ह्यूइट यांच्या सासऱ्यांनी उभारलेली होती.

रिपब्लिकनांनी ऑक्टोबरच्या मध्यावर रूझवेल्ट यांना उभे केले. २७ ऑक्टोबरला, म्हणजे मतदानाच्या सहा दिवस आधी, ते अठ्ठावीस वर्षांचे झाले.

जाहीरनामा तक्रारींची वही म्हणून वाचावा

जॉर्ज यांच्या पक्षाचा जाहीरनामा वाचताना जमिनीवरील कराचे कलमच सर्वांच्या डोळ्यांत भरते आणि इतर कलमे निसटतात. त्यांतील प्रत्येक मागणीसमोर, ती कोणत्या घटनेतून आली असेल, ते लिहावे. ज्यूरीवर बसण्यासाठी असलेली मालमत्तेची अट रद्द करा, शांततेने चाललेल्या सभांत पोलिसांनी ढवळाढवळ करू नये, या दोन मागण्यांमागे त्या उन्हाळ्यातील खटला आणि बहिष्कारांवरील पोलिसी कारवाई उभी आहे. इमारतींची आरोग्यविषयक तपासणी व्हावी, ही मागणी चाळींसारख्या दाटीच्या भाडोत्री घरांत राहणाऱ्या कुटुंबांची होती. सार्वजनिक कामांवर स्त्री-पुरुष असा भेद न करता समान कामाला समान वेतन मिळावे, असेही त्यांत म्हटले होते, तेही त्या स्त्रियांना मत नसताना. ही मागणी करून एकही मत मिळणार नव्हते आणि तरीही ती लिहिली गेली, हे माझ्या मनाला फार भिडते.

याच्या जोडीला ह्यूइट आणि जॉर्ज यांनी ऑक्टोबरमध्ये एकमेकांना लिहिलेली जाहीर पत्रे वाचावीत. समाजव्यवस्थेलाच धोका आहे अशी ह्यूइट यांची मांडणी होती, तर ज्यांची घरे भाड्याची आहेत त्यांच्या बाजूने बोलणारा माणूस व्यवस्थेचा शत्रू कसा, असा जॉर्ज यांचा रोख होता.

वृत्तपत्रांचा उपयोग

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या वृत्तपत्रांची पाने ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात विनामूल्य ठेवली आहेत. त्यात न्यूयॉर्कची ‘सन’ आणि ‘ट्रिब्यून’ ही दैनिके या वर्षासाठी पाहता येतात. शोध घेताना उमेदवाराचे आडनाव इंग्रजी लिपीत टाकावे, परंतु केवळ शोधावर विसंबू नये. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही आणि पुष्कळ मजकूर शोधात सापडतच नाही. १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर १८८६ चे अंक पानोपानी चाळावेत. २८ ऑक्टोबरच्या सुमारास पहिली पाने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या अनावरणाने व्यापलेली दिसतील, म्हणून निवडणुकीच्या बातम्यांसाठी आतील पाने पाहावीत.

प्रत्येक पत्र कोणाचे, हे आधी वहीत टिपून ठेवावे. ‘ट्रिब्यून’ रिपब्लिकन मताचे होते आणि व्हाइटलॉ रीड त्याचे संपादक होते, ‘सन’ चार्ल्स डेना यांच्याकडे होते आणि ‘वर्ल्ड’ १८८३ पासून जोसेफ पुलित्झर यांच्या मालकीचे होते. शहरातील मोठ्या इंग्रजी दैनिकांचा पाठिंबा जॉर्ज यांना नव्हता, म्हणून मोहीम चालू असतानाच कामगारांनी ‘लीडर’ नावाचे स्वतःचे दैनिक काढले. जर्मन भाषेतील ‘फोल्क्सत्साइटुंग’ आणि पॅट्रिक फोर्ड यांचे ‘आयरिश वर्ल्ड’ हे साप्ताहिक त्यांच्या बाजूने होते. एकच प्रसंग दोन विरुद्ध बाजूंच्या पत्रांतून वाचावा. त्यासाठी ३० ऑक्टोबरची, शनिवारी रात्री पावसात निघालेली जॉर्ज समर्थकांची मिरवणूक फार उपयोगी आहे. किती माणसे चालली याचे आकडे पत्रागणिक बदलतात. सरासरी काढून एक आकडा लिहिण्यापेक्षा कोणत्या पत्राने कोणता आकडा दिला हे नोंदवणे अधिक प्रामाणिक ठरते.

चर्चमधील भांडण वेगळ्या पानावर नोंदवावे. सेंट स्टीफन्स चर्चचे लोकप्रिय धर्मगुरू एडवर्ड मॅकग्लिन यांनी आर्चबिशप मायकेल कॉरिगन यांची मनाई मोडून जॉर्ज यांचा प्रचार केला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. १८८७ मध्ये त्यांना धर्मबहिष्कृत करण्यात आले आणि १८९२ मध्ये परत घेण्यात आले. दुसरीकडे आर्चबिशपांच्या कार्यालयातील वरिष्ठ धर्मगुरूंचे जॉर्जविरोधी पत्र मतदानापूर्वी प्रसिद्ध झाले आणि टॅमनीने त्याचा प्रचारात वापर केला. आयरिश कॅथलिक कामगार या दोन आवाजांच्या मध्ये सापडला होता. ‘आयरिश मते जॉर्ज यांना पडली’ किंवा ‘आयरिश मते टॅमनीला पडली’ अशी सरसकट वाक्ये म्हणूनच लिहू नयेत.

मतांची बेरीज-वजाबाकी

आता निकालाचा तक्ता हाती घ्यावा. तिघांच्या मतांत ह्यूइट यांचा वाटा सुमारे ४१.३ टक्के, जॉर्ज यांचा ३१.१ आणि रूझवेल्ट यांचा २७.६ होतो. सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येई, निम्म्याहून अधिक मतांची अट नव्हती. जॉर्ज आणि रूझवेल्ट यांची मिळून १,२८,५४५ मते होतात, आणि येथेच अनेकांचा पाय घसरतो. ही मते एकत्र आली असती तर ह्यूइट पडले असते, असे वाक्य सहज लिहिले जाते. ते लिहिण्याआधी गणित करून पाहावे. रूझवेल्ट उभे नसते आणि त्यांच्या सर्व मतदारांनी उरलेल्या दोघांपैकी एकाला मत दिले असते, तर जिंकण्यासाठी जॉर्ज यांना त्यांपैकी सुमारे ६९ टक्के मते लागली असती. रिपब्लिकन मतदार बव्हंशी मालमत्तावाले आणि व्यापारी वर्गातले असताना हे कठीण होते. उलट जॉर्ज नसते तर रूझवेल्ट यांना त्यांच्या मतदारांपैकी सुमारे ७२ टक्के मते हवी होती. कोणी कोणाची मते खाल्ली, ही भाषा येथे फारशी उपयोगी पडत नाही.

रिपब्लिकन मते घटली का, हे पाहण्यासाठी १८८४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीशी तुलना करावी. तेव्हा या शहरात रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांना सुमारे ९० हजार मते होती. दोन वर्षांनी रूझवेल्ट यांना ६० हजार मिळाली. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला मतदान अधिक होते हे मान्य करूनही घट मोठी आहे, आणि जॉर्ज येतील या भीतीने अनेक रिपब्लिकनांनी ह्यूइट यांना मत दिले, हे त्या काळचे निरीक्षण तिच्याशी जुळते. याहून बारीक पाहायचे असल्यास शहरातील २४ विधानसभा मतदारसंघांचे आकडे ८ नोव्हेंबरपर्यंतच्या अंकांत शोधून नकाशावर मांडावेत. मात्र एखाद्या मतदारसंघात जर्मन वस्ती जास्त आणि जॉर्ज यांची मतेही जास्त म्हणून ती मते जर्मनांचीच, असा निष्कर्ष काढू नये, कारण मतपेटी माणसाचे मूळ सांगत नाही.

आरोप आणि आठवणी

जॉर्ज यांची मते मोजणीत दाबली गेली, असे त्यांचे समर्थक सांगत आले. मतपत्रिकांची पद्धत पाहता गैरप्रकारांना वाव होता हे निश्चित, परंतु अंतर २२,४४२ मतांचे होते. एखादा गैरप्रकार घडला असणे आणि निकाल उलटण्याइतका तो मोठा असणे, ही दोन विधाने स्वतंत्र आहेत आणि त्यांना पुरावेही स्वतंत्र लागतात. अभ्यासकाने आपल्या लेखात आरोप कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे केला हे लिहावे. ‘निवडणूक चोरली गेली’ हे वाक्य स्वतःच्या तोंडी घालू नये.

हाच नियम आठवणींनाही लावावा. उमेदवारी मागे घ्या, काँग्रेसमध्ये पाठवतो, असा प्रस्ताव डेमोक्रॅट गटांच्या वतीने आपल्यापुढे ठेवला गेला होता, असे जॉर्ज यांनी नंतर सांगितले. ते पुष्कळ ठिकाणी घडलेली गोष्ट म्हणून छापले गेले आहे. जॉर्ज सचोटीचे होते याबद्दल मला शंका नाही, तरीही ही एका बाजूची, उशिरा सांगितलेली हकिकत आहे आणि ती ‘जॉर्ज यांच्या सांगण्यानुसार’ या शब्दांनीच सुरू व्हायला हवी.

निवडणुकीनंतरचे दोन महिने वगळू नयेत. जॉर्ज यांच्यासाठी काम केलेले सॅम्युअल गॉम्पर्स डिसेंबर १८८६ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष झाले, आणि ही संघटना स्वतंत्र कामगार पक्षाच्या वाटेला गेली नाही. ह्यूइट यांची कारकीर्द १८८८ पर्यंत पाहावी. त्या वर्षी सेंट पॅट्रिक दिनाला सिटी हॉलवर आयरिश ध्वज फडकवण्यास त्यांनी नकार दिला, टॅमनीने त्यांची साथ सोडली आणि ह्यू ग्रँट निवडून आले. जॉर्ज पुन्हा महापौरपदासाठी उभे राहिले ते १८९७ मध्ये, विस्तारित न्यूयॉर्कच्या पहिल्या निवडणुकीत, आणि मतदानाला चार दिवस उरले असताना, २९ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. त्या निवडणुकीसाठी नवी वही घालावी, कारण तेव्हा शहर निराळे होते आणि मतपत्रिका सरकारने छापलेली होती.